लाकूड की व्हिनाईल?
आजचा अख्खा दिवस फ्लोअरिंगचे नमुने बघण्यात गेला. व्हिनाईल प्लँक (लाकडासारखी दिसणारी प्लास्टिकची फळी) आणि अस्सल लाकूड शेजारी ठेवलं तर लांबून फरक कळत नाही, हे मान्यच करायला हवं. हात फिरवला की मात्र लगेच कळतो! व्हिनाईलवरच्या लाकडाच्या रेषा म्हणजे छापलेलं चित्र, त्यावर पारदर्शक थर. सगळी मदार त्या थरावर. ०.५ मिमीचा असेल तर घरातली वर्दळ आरामात सोसतो, पण झिजला की घासून-पॉलिश करून भागत नाही, फळीच बदलायची. लाकडाची १८-१९ मिमीची भरीव फळी घासून पुन्हा नवी करता येते, तीही अनेकदा.

पण लाकडाचं आणि पाण्याचं वैर. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. व्हिनाईलबद्दल विक्रेता 'वॉटरप्रूफ'चा जप करत होता. सांध्यांतून खाली झिरपलेल्या पाण्याचं काय, विचारल्यावर गप्प.

माझं मत: स्वयंपाकघरात व्हिनाईल, बाकी लाकूड. आईला सगळीकडे एकच हवं. "दोन्हींची जाडी वेगळी, मध्ये ठेच लागणार." मुद्दा बिनतोड आहे. कुणी दोन्ही लावलंय का? जोडावर काय केलंत?