माझी पीएचडी: फाइल गणिताची, पोथी संस्कृतची

गणितात एम.एस्सी. झाले तेव्हा माझं संस्कृत दहावीच्या मार्कांपुरतंच होतं. तरी पीएचडी करायची ती भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या संस्कृत गणितग्रंथावर, असं ठरवून बसले. गणित विभाग म्हणाला, हा विषय संस्कृतचा. संस्कृत विभाग म्हणाला, यात सगळं गणितच आहे. 2016च्या विद्यापीठ कायद्यात आंतरविद्याशाखीय अभ्यासाची वेगळी विद्याशाखा आहे खरी, पण आमच्याकडे तिथे या विषयाला गाइडच नव्हता. पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास होऊन वर्षभर सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) घेऊन दोन इमारतींमध्ये हेलपाटे घातले. शेवटी गाइड गणिताचे सर आणि को-गाइड संस्कृतच्या बाई अशी जोडी जमली, आणि आरआरसीने, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीने, विषय मंजूर केला.

खरी फजिती पुढेच होती. परिघाचा श्लोक आहे: 'व्यासे भनन्दाग्निहते विभक्ते खबाणसूर्यैः परिधिः स सूक्ष्मः'. सगळे आकडे शब्दांत. भ म्हणजे नक्षत्रं, 27, नंद 9, अग्नी 3. ख म्हणजे आकाश, म्हणजे शून्य, बाण 5, सूर्य 12. मी ऐटीत ओळीने मांडले: 2793 भागिले 512. परिघ व्यासाच्या जवळजवळ साडेपाचपट! बाई हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "अगं, अंकानां वामतो गतिः. उजवीकडून मांडत ये." 3927 भागिले 1250. उत्तर 3.1416.

सरांचं समाधान एवढ्याने होईना. "हे 3927 आणलं कुठून?" आठवडाभर डोकं खाजवलं. मग आर्यभटाचा श्लोक काढला: व्यास 20000, तर परिघ 62832. दोन्हींना 16ने भागा, भास्कराचार्यांचे आकडे हजर! मी खूश, तर आता बाई अडून बसल्या. आर्यभट याला 'आसन्न', म्हणजे जवळपासचं, म्हणतो, मग भास्कराचार्य 'सूक्ष्म', म्हणजे अचूक, का म्हणतात? आणि त्यांच्याच श्लोकात पुढे बावीस सप्तमांशला 'स्थूल', म्हणजे ढोबळ, म्हणून वर 'व्यवहारयोग्य' का म्हटलंय? या तीन-चार शब्दांवर माझं एक अख्खं प्रकरण झालं. प्रबंधातलं तेवढंच मला आजही पुन्हा वाचवतं.

पदवी मिळाली. मुलाखतीत मात्र प्रश्न ठरलेला: "मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या?" सध्या तासिका तत्त्वावर कॅल्क्युलस शिकवते. बुधवारी संस्कृत विभागात भूतसंख्यांचा, म्हणजे असे शब्दांत लिहिलेले आकडे वाचण्याचा, तास घेते. त्याचं मानधन कुठल्या हेडखाली टाकायचं, हे ऑफिसात अजून ठरायचंय.