मोटारसायकलचं पुढचं चाक घरी काढलं तर बसवताना एवढं बघाच

आमच्याकडं अंबाजोगाई-केज पट्ट्यात अजून कितीतरी लोक पुढचा ब्रेक मारतच नाहीत. गाडी शिकवतानाच कुणीतरी सांगितलेलं असतं की पुढचा मारू नको पलटी खाशील, आणि मग जन्मभर सगळा भार मागच्या ब्रेकवर. पुढची केबल ढिली झाली तर झाली, तशीच राहते, कारण वापरतच नाहीत तर कळणार कसं. मला ह्या गोष्टीचा खरंच राग येतो, आणि काळजी पण वाटते, म्हणून आज जरा सविस्तर लिहायलोय.

ब्रेक मारला की गाडीचं अन् आपलं सगळं वजन पुढं येतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मागचा हलका होतो. हलक्या चाकाला पकड राहत नाही, ते लगेच लॉक होऊन घासत जातं. म्हणजे कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबवायचं मोठं काम पुढचंच चाक करतं. माणूस पडतो तो पुढचा ब्रेक एकदम आवळल्यामुळं, किंवा हँडल वळलेलं असताना, नाहीतर ओल्या काळ्या मातीत अन् बारीक खडीवर मारल्यामुळं. तिथं हलक्या हातानंच मारायचा, ते बरोबर आहे. पण दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गाळप सुरू झाले की रात्रीच्या वेळी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, मागं दोन दोन ट्रॉल्या, कित्येकांना ना लाईट ना रेडियम, आणि वळणावर अचानक समोर ट्रॉली दिसली की नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी थांबत नाही. म्हणून माझं ठरलेलं आहे, पावसाळा संपला की ऊस सुरू व्हायच्या आत घरातल्या गाड्यांची पुढची चाकं खोलायची.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीनं चाकाचं काय होतं हे शेताच्या रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायला नको. मडगार्डमध्ये ठासून बसते, चाक फिरत नाही, काडीनं उकरून काढावी लागते. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, कडेनं ती सीलपर्यंत (बेरिंगवरच्या रबरी झाकणापर्यंत) जाते, मग आपण वॉशिंग सेंटरला जोराचा फवारा थेट हबवर मारून घेतो आणि तेच पाणी सीलच्या आत बेरिंगमध्ये ढकललं जातं. बेरिंग बाहेरून चांगलं दिसतं पण आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरवलं की खरखर लागते. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढं ६३०१ नंबरचं बेरिंग असतं, आतलं छिद्र १२ मिमी, बाहेरचा व्यास ३७ मिमी, कुठंही मिळतं. मी मोंढ्याजवळच्या दुकानातून चांगल्या कंपनीचं घेतो, ह्यात पैसे वाचवू नका. नवीन बसवताना ठोका नेहमी बाहेरच्या रिंगवर द्यायचा, आतल्या रिंगवर दिला तर सगळा मार गोळ्यांवर बसतो आणि नवं बेरिंग बसायच्या आधीच खराब. आणि दोन बेरिंगच्या मधी एक नळी असते, डिस्टन्स पीस, ती आत टाकायची विसरली तर नट आवळला की बेरिंगच जाम होतात.

आता आबांची ड्रमवाली गाडी, म्हणजे जिच्या चाकातल्या गोल ड्रमला लायनर आतून घासून ब्रेक लागतो ती, धरून सांगतो. चाक खोलणं कुणालाही जमतं, सगळी कसोटी बसवताना.

गाडी डबल स्टँडवर लावली तरी पुढचं चाक बऱ्याचदा जमिनीला टेकलेलंच राहतं. मी मागं युरियाची ४५ किलोची गोणी ठेवतो, पुढचा भाग उचलला की इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवतो म्हणजे गाडी हलत नाही. ठोकळा सायलेन्सरच्या नळीखाली द्यायचा नाही. जागा सपाट अन् कडक पाहिजे, मातीच्या अंगणात स्टँड रुततं.

ब्रेकची प्लेट, म्हणजे लायनर ज्यावर बसवलेले असतात ते ड्रमचं झाकण, साफ करताना तोंडानं फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ती भुकटी फुफ्फुसात जाणं लई वाईट. ओल्या फडक्यानं पुसायची, ड्रमपण पुसायचा. लायनरवर चकाकी आली असंल तर पॉलिश पेपर हलका मारायचा. ज्या कॅमवर लायनर उघडतात त्याच्या दांड्याला अगदी पातळ ग्रीस, जास्त झालं तर गरम होऊन लायनरवर येतं आणि मग ब्रेक लागतच नाही. ब्रेकचा आर्म (केबल ज्याला ओढते ती पट्टी) काढला असंल तर दांड्यावरची पंचची खूण आणि आर्मवरची खूण जुळवूनच बसवा, एक दात इकडंतिकडं झाला की लायनर किती झिजलं हे दाखवणारा बाण खोटं सांगतो.

बऱ्याच ड्रमच्या गाड्यांत मीटरची गरारी ह्याच प्लेटमध्ये असते. तिच्या दोन पाकळ्या हबमधल्या खाचेत बसल्या पाहिजेत. प्लेट हबवर ठेवून हळूहळू फिरवायची, एका जागी ती टक्कन आत बसते. बसली नाही आणि तसाच एक्सल (चाकाच्या मधून जाणारा दांडा) आवळला तर पाकळ्या वाकतात, तुटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्लेटच्या बाहेरच्या बाजूला एक खाच असते आणि शॉकअपच्या खालच्या भागावर एक ओतीव खुंटी असते. चाक उचलून बसवताना ती खुंटी खाचेत गेलीच पाहिजे. चाक ह्या खुंटीशिवायपण बसतं, एक्सल आरपार जातो, नट आवळतो, चाक मस्त फिरतं, सगळं ठीक वाटतं. पण पहिला जोराचा ब्रेक मारला की लायनर ड्रमला धरतात आणि प्लेटला अडवायला काहीच नसल्यामुळं ती चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते, आर्म ओढला जातो आणि चाक जागच्या जागी लॉक. ६० च्या स्पीडला हे झालं तर माणूस वाचणं अवघड. म्हणून मी एक्सल घालायच्या आधी प्लेट हातानं धरून हलवून बघतो, खुंटीनं धरलेली असंल तर ती फिरत नाही. आणि नट आवळल्यावर खाली बसून डोळ्यानं परत बघतो. दुसऱ्यानं बसवलेलं चाक असलं तरी बघतो, मेकॅनिक कितीपण जुना असू द्या.

एक्सल पुसून पातळ ग्रीस लावायचं, ज्या बाजूनं निघाला त्याच बाजूनं घालायचा, दुसऱ्या बाजूचं बुश सीलमध्ये नीट बसलंय का बघायचं. टायरवर बाण असंल तर तो चाक पुढं फिरतं त्या दिशेला पाहिजे.

मी हे करत असताना शेजारचे बापू आले. "काय करायलास रे?"

"चाक बसवायलोय बापू."

"मग आवळ की पाईप घालून जोरात, झालं."

पाईप घालून आवळायची पद्धत आपल्याकडं सगळीकडं आहे. माझा मावसभाऊ वाळूजला एमआयडीसीत लाइनवर आहे, तो सांगतो तिथं प्रत्येक नटाचा टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, ठरलेला, त्याच्यावर नाही अन् खाली नाही. जास्त आवळलं की आटे ताणले जातात आणि पुढच्या वेळी नट धरतच नाही. टॉर्क पाना घरी नसतो हे मान्य, पण साधा हिशोब आहे. १ फूट लांब पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर दिला तर साधारण ६ किलोग्रॅम-मीटर टॉर्क होतो, म्हणजे ६० न्यूटन मीटरच्या आसपास. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा आणि जोर किती लावायचा ह्याचा अंदाज त्यावरून धरायचा. २० किलो म्हणजे किती हे बघायचं असंल तर स्प्रिंगचा ताणकाटा पान्याच्या टोकाला अडकवून ओढून बघा, हाताला कळून जातं. बापूंना हे सांगितल्यावर ते ताणकाटा आणायला स्वतः घरी गेले.

नट लगेच फुल आवळायचा नाही. आधी हातानं लावायचा, ब्रेकची केबल जोडायची, चाक जोरात फिरवायचं आणि ब्रेक घट्ट दाबायचा. दोन्ही लायनर ड्रमला टेकले की प्लेट आपोआप मधोमध येते. एकटे असाल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून लिव्हर हँडलला बांधून टाका. तसंच बांधलेलं असताना पान्यानं नट थोडा धरायचा, मग गाडी खाली घेऊन हँडलवर वजन देऊन शॉकअप चारपाच वेळा दाबायचे म्हणजे दोन्ही नळ्या सरळ रेषेत बसतात, आणि मग फायनल आवळायचं. ज्या गाड्यांत एक्सलला खालून वेगळा पिंच बोल्ट आहे त्यांत तो शॉकअप दाबून झाल्यावरच आवळा. कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) असंल तर दरवेळी नवी, दोनपाच रुपयांची वस्तू आहे.

मीटरची वायर लावताना चाक हळू फिरवायचं, तिचं चौकोनी टोक गरारीत जाऊन बसतं, मगच वरचा नट लावायचा. लिव्हरचा खेळ टोकाला साधारण १० ते २० मिमी ठेवायचा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडलेले) नाहीतर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारं) सक्तीचं झालं, आणि सीबीएस असंल तर मागचं पेडल दाबल्यावर पुढचा ब्रेकपण ओढला जातो, त्यामुळं पेडल दाबून पुढचं चाक धरतं का ते पण बघा.

डिस्कवाल्यांना थोडक्यात. चाक बाहेर असताना लिव्हर अजिबात दाबू नका, पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क प्याडमध्ये जातच नाही. मी प्याडच्या मधी जाड पुठ्ठा घालून ठेवतो. कॅलिपर (प्याड अन् पिस्टन धरणारा भाग) पाईपला लटकत सोडायचा नाही, दोरीनं शॉकअपला बांधायचा. ग्रीसचा हात डिस्कला लावायचा नाही. एबीएसची गाडी असंल तर सेन्सरसमोरच्या खाचांच्या रिंगला ठोका बसू देऊ नका. आणि सगळं बसल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा, पहिले काही दाब रिकामे जातात. हे विसरून गाडी रस्त्यावर काढली तर पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो.

शेवटी चाक फिरवून घासतं का बघायचं, टायर वर-खाली धरून आडवं हलवायचं, खेळ लागला तर बेरिंग बघा. शॉकअप खालून धरून पुढं-मागं हलवल्यावर ठकठक आली तर तो हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेरिंग. मग गल्लीतच पायी चालायच्या स्पीडला दोन्ही ब्रेक वेगवेगळे मारून बघायचे. तीसचाळीस किलोमीटर झाले की एक्सलच्या नटाला परत पाना लावून बघा, आणि लायनर नवीन टाकले असतील तर ते घासून ड्रमला पूर्ण बसेपर्यंत ब्रेक जरा कमी धरतो, तेवढे दिवस पुढच्या गाडीपासून लांब चालवा, आणि लायनर बसले की केबलचा खेळ पुन्हा एकदा मोजून घ्या.