'मानधन' खोडून

डिसेंबर लागला की दुकानात हा प्रश्न येतोच. नागपूरच्या बर्डीवर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्या शहरात होतं आणि त्या दिवसांत मोर्चेकऱ्यांची निवेदनं माझ्याकडे टाइप होतात. ती पाहून कुणीतरी विचारतं, "यात विषमतेवर कुठं काय असतं? जो तो आपापल्या मागणीपुरता येतो. तिकडे न्यूयॉर्कात २०११ साली लोक झुकोटी पार्कात ठाण मांडून बसले, वरच्या एक टक्का श्रीमंतांविरुद्ध 'आम्ही ९९ टक्के' म्हणाले. आपल्याकडे असं कोण म्हणतं?"

तुम्ही विचारलंत म्हणून २०१७ च्या अधिवेशनातली गोष्ट सांगतो.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या काही बाया मसुदा घेऊन आल्या. वहीच्या रेघी कागदावर निळ्या शाईत लिहिलेला. पहिलीच मागणी: मानधनात वाढ करावी. मी टाइप करत होतो, तर मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, "भाऊ, इथं पगार लिवा न."

मी म्हटलं, "ताई, सरकारी कागदात मानधनच आहे."

"त्यायच्या कागदात राहू द्या. हा कागद आमचा हाय."

मी 'मानधन' खोडून 'किमान वेतन' टाइप केलं. इतकी वर्षं तो शब्द मी हजारदा टाइप केला होता, तेव्हा पहिल्यांदा थांबून पाहिला. मानधन म्हटलं की बाई स्वयंसेवी ठरते. वेतन म्हटलं की किमान वेतनाचा कायदा लागतो, भविष्य निर्वाह निधी येतो, काम सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी येते. एका शब्दावर एवढं अडतं. अंगणवाडीची योजना १९७५ ची. तिथल्या सेविकांनाही मानधनच. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं २०२२ मध्ये. मधल्या ४७ वर्षांत किती जणी तशाच घरी गेल्या असतील!

मला विषमता दिसते ती इथं. आकडे मीही वाचतो. २०२२-२३ मध्ये देशातली ४० टक्के संपत्ती वरच्या एक टक्क्याकडे होती, असं वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी मांडलं. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला. २०१९ मध्ये सवलती न घेणाऱ्या कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. त्यासाठी कुणाला मोर्चे अडवतात त्या टेकडी रोडवर सतरंजी टाकून बसावं लागलं नाही. तेव्हा महिन्याला मिळणाऱ्या हजार रुपयांचे दीड हजार व्हावेत म्हणून मात्र बायांना गोंदिया-गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून यावं लागलं, आणि वर वाहतूक अडवली म्हणून शहराच्या शिव्या खाव्या लागल्या. या शिव्यांचा मला फार राग येतो.

मोर्चानं सगळं मिळतं, असं मी म्हणणार नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. अनुसूचित जमातीत घ्या, ही त्यांची मागणी. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. झिरो माइलजवळच्या स्मारकावर मी दरवर्षी जातो. तिथं कुणी मला 'मोर्चानं काय मिळालं' विचारलं, तर माझ्याजवळ उत्तर नाही.

त्या २०१७ च्या बायांकडे निवेदनाच्या दोन प्रती कमी पडल्या होत्या, म्हणून दुपारी मीच घेऊन गेलो. पोलिसांनी मोर्चा अडवलेला होता. पाच जणींचं शिष्टमंडळ आत गेलेलं, बाकीच्या रस्त्यावर भाकरीचे डबे उघडून बसलेल्या. 'पगार लिवा' म्हणणारी बाई नव्या आलेल्या पोरींना निवेदन वाचून दाखवत होती. किमान वेतनापाशी एकीनं विचारलं, "म्हणजे किती?"

"आधी आताचं कर," ती म्हणाली. "हजाराला तिसानं भाग."

पोरीनं बोटांवर हिशेब केला. "तेहतीस रुपये रोज."

"मोठ्यानं सांग. मांगं आयकू येत नाई."

पोरगी उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली.