वर्षावास वाचन-नोंद: सुत्तांचा निवडक संग्रह कसा निवडला

जय भीम मंडळी, नमो बुद्धाय.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास (आश्विन पौर्णिमेपर्यंतचा पावसाळ्यातला काळ) लागला आणि आमच्या विहारात नेहमीप्रमाणे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन सुरू झालं. त्याला जोडून आम्ही काही जणांनी यंदा आणखी एक काम हाती घेतलंय. बाबासाहेबांनी या ग्रंथात ज्या पाली सुत्तांचा (बुद्धांच्या उपदेशांचा) आधार घेतला, ती शोधून पूर्ण वाचायची. १९५७ साली मूळ इंग्रजी ग्रंथ निघाला तेव्हा त्यात संदर्भाच्या तळटीपा नव्हत्या. भदन्त आनंद कौसल्यायनांनी हिंदी अनुवाद करताना पाली संदर्भ हुडकून दिले, त्यामुळे सुत्ताचं नाव तरी हाती लागतं. पण मग ते वाचायचं कशात? सगळं तिपिटक (पाली धम्मग्रंथांचा पूर्ण संग्रह) विकत घेणं आमच्यापैकी कुणालाच जमणारं नाही. अनुवादातला एखादा चांगला संग्रह हवा होता, आणि तो ठरवण्यातच आषाढ संपला.

सुरुवातीलाच आम्ही चाळणी ठरवून टाकली. संग्रह हातात आला की प्रस्तावना नंतर, आधी कालाम सुत्त, म्हणजे कालाम लोकांना बुद्धांनी केलेला उपदेश, काढायचं. 'ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, पिटकात आहे म्हणून मानू नका' ही यादी सगळ्यांना पाठ असते आणि पुष्कळ ठिकाणी उतारा तिथेच तोडलेला असतो. खरं सुत्त तिथून पुढे सुरू होतं. भगवान कालामांनाच विचारतात: लोभ, द्वेष, मोह माणसाच्या मनात उपजले तर ते हिताचे की अहिताचे? उत्तर ते कालामांकडून काढून घेतात. मग मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा येतात आणि शेवटी चार आश्वासनं. परलोक असेल तर सद्गती मिळेल. नसेल तरी इथे, याच जन्मी, वैराशिवाय सुखाने जगतोच. माझ्या मते हा शेवट गाळणाऱ्या संपादकाने सुत्ताचा कणाच काढून टाकलेला असतो.

दुसरी जागा सिगालोवाद, म्हणजे सिगाल नावाच्या गृहस्थाला केलेला उपदेश. आमच्या गटात सगळे संसारी लोक आहेत, त्यामुळे गृहस्थाला संग्रहात किती जागा मिळाली हे बघणं आलंच. आई-वडील, गुरू अशा नात्यांना त्यात सहा दिशा मानलंय, आणि त्यांत खालची दिशा नोकर-कामगारांची. त्यांना झेपेल तेवढंच काम द्यावं, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारात सेवा करावी, गोडधोड असेल त्यात वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी. हे वाचलं त्या दिवशी गटातल्या कारखान्यात काम करणाऱ्या दादांनी तो भाग पुन्हा वाचायला लावला. त्यावर पुढे बराच वेळ बोलणं झालं.

तिसरी जागा सुत्तनिपातातलं वसल सुत्त ('न जच्चा वसलो होति, न जच्चा होति ब्राह्मणो', म्हणजे जन्माने कुणी नीच होत नाही, जन्माने कुणी ब्राह्मण होत नाही) आणि चौथी थेरीगाथा, म्हणजे भिक्खुणींच्या गाथा. थेरीगाथेतही आम्ही पुण्णिका शोधतो. कडाक्याच्या थंडीत पाणी भरणारी ही दासी, नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक, कासव, मगरी सगळे स्वर्गातच जातील ना? असा बिनतोड प्रश्न ज्या संग्रहात नाही, तो माझ्या लेखी अपुराच.

आता पुस्तकांकडे. हेन्री क्लार्क वॉरनचा १८९६ सालचा इंग्रजी संग्रह ('Buddhism in Translations') जालावर फुकट मिळतो. इंग्रजी जुनं पण घोटीव आहे. मात्र त्यात जातकाची निदानकथा, मिलिंदपञ्ह आणि विसुद्धिमग्ग यांचा भरणा मोठा, म्हणजे सुत्तांनंतरच्या काळातलं बरंच. आमच्या कामाला तो बसत नाही. तरी वॉरनबद्दल मराठी वाचकाला आपुलकी वाटावी असं एक कारण आहे. १८९९ साली तो वारला तेव्हा विसुद्धिमग्गाची त्याची पाली आवृत्ती अपुरी होती. त्या कामासाठी गोव्याच्या साखवाळचे पाली पंडित धर्मानंद कोसंबी हार्वर्डला गेले. ती आवृत्ती छापून आली १९५० मध्ये, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी.

पेंग्विन प्रकाशनाचे 'Buddhist Scriptures' नावाचेच दोन संग्रह, कॉन्झेचा १९५९ चा आणि लोपेझचा २००४ चा, महायान, तिबेट, चीन असा मोठा पल्ला घेतात. बौद्ध जग किती पसरलेलं आहे ते बघायला उत्तम, आमच्या शोधाला नाही.

शेवटी चुरस राहिली भिक्खू बोधींचा २००५ चा संग्रह ('In the Buddha's Words') आणि रूपर्ट गेथिन यांचा २००८ चा ('Sayings of the Buddha') यांत. गेथिन यांचा कल सुत्त सलग देण्याकडे. बोधींनी मात्र दहा प्रकरणांची वाट आखली आहे: आधी जरा, व्याधी, मरण, मग बुद्धांचं चरित्र, धम्माकडे कसं यावं, आणि पुढे प्रज्ञेपर्यंत. कालाम सुत्त त्यात चार आश्वासनांसकट आहे. सिगालोवादाचा मात्र सहा दिशांचाच भाग घेतलाय, संपत्ती उधळण्याच्या सहा वाटा गाळल्या आहेत. पण प्रत्येक उताऱ्याखाली निकाय (सुत्तांचा मूळ विभाग) आणि क्रमांक दिलेला आहे, आणि आमचा कौल तिथेच पडला. गाळलेलं कुठे शोधायचं ते कळलं की आमचं काम होतं.

बोधींचा भर पहिल्या चार निकायांवर आहे आणि सुत्तनिपात पाचव्यात येतो, म्हणून त्यासाठी कोसंबींचा मराठी अनुवाद सोबत ठेवलाय.

श्रावणात अनत्तलक्खण सुत्त घेतलं. माणूस ज्या पाच स्कंधांचा (गटांचा) बनतो, त्यांतला एकही आत्मा नाही, असं ते सांगतं. एकजण इंग्रजीवरून मराठीत सांगतो, बाकीचे ऐकतात. छापील पानावर रूपाबद्दल सगळं येतं, मग वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांना टिंबं. पालीतही अशा जागी 'पे' लिहून पुनरुक्ती आवरलेली असते, त्यामुळे अनुवादकाला बोल लावता येत नाही. तरी आम्ही टिंबं भरून पाचही स्कंध पूर्ण म्हटले. तिसऱ्या स्कंधापासून आमच्या आजी आपणहून 'हे माझं नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही' म्हणू लागल्या. तेव्हापासून ठरवलंय, मोठ्याने वाचताना टिंबं भरायचीच. मनातल्या मनात वाचताना ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, पण ही सुत्तं आधी कैक पिढ्या तोंडी चालत आली होती.

नव्याने शोध घेणाऱ्यांसाठी एक सूचना. क्रमांक प्रतीनुसार बदलतात. कालाम सुत्त अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात (तीन-तीन गोष्टींच्या सुत्तांच्या भागात) ६५ म्हणून सांगतात, आणि छट्ठ संगायनेच्या (सहाव्या धम्मसंगीतीच्या) देवनागरी प्रतीत (इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाची) ते 'केसमुत्ति सुत्त' नावाने ६६ वर सापडतं. म्हणून वहीत निकाय, वग्ग (त्यातलं प्रकरण) आणि सुत्ताचं नाव, तिन्ही लिहा.

भाद्रपदात बोधींचं चौथं प्रकरण, गृहस्थाच्या सुखाचं, सुरू आहे. तिथून आश्विन पौर्णिमेपर्यंत सिगालोवाद दीघ निकायातून पूर्ण वाचायचंय. थेरीगाथेचा चांगला मराठी अनुवाद कुणाच्या वापरात असेल तर प्रकाशक आणि आवृत्ती कळवा, आणि त्यात पुण्णिकेच्या गाथा पूर्ण आहेत का, तेही बघून सांगा.