माळ्यावर टांगलेली सोलं: आमची वाटचाल

आमचा धंदा कोकमाचा. कुडाळच्या अलीकडे गाव, घरामागे रातांब्याची, म्हणजे कोकमाचीच, अकरा झाडं आणि त्यातली चार नर, म्हणजे फळ शून्य. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बी पेरून आलेलं झाड काय निघणार ते सहासात वर्षांनी फुलोरा आला की कळतं, तोवर पाणी घालत बसायचं. बाकीचे रातांबे आम्ही वाडीतून विकत घेतो. माल म्हणाल तर आमसुलं (सुकवलेल्या साली, आम्ही सोलं म्हणतो), आगळ (मीठ घातलेला रस), सरबताचं सिरप आणि थोडं मुठेल (बियांचं थिजलेलं तेल). सीझनला सात बायका कामाला येतात, एरवी मी, बायको आणि आई. आईला पगार नाही पण शेवटचा शब्द तिचाच.

एका प्रदर्शनात कॉलेजच्या मुलीने विचारलं, काका तुम्हाला रोजची प्रेरणा कुठून मिळते? मी काहीतरी भारी बोलायला गेलो आणि अडकलो. खरं उत्तर होतं, पावसाच्या भीतीतून. रातांबे पिकतात ऐन मे महिन्यात आणि सोलं सुकायला सलग आठवडाभर कडक ऊन लागतं. फळ फोडायचं, बिया आणि गर वेगळा करायचा, गराच्या रसात मीठ घालून त्यात साली बुडवायच्या, खळ्यात वाळत घालायच्या, परत बुडवायच्या, परत वाळवायच्या, अशी चारपाच पुटं. मध्येच वळवाचा पाऊस आला की बुरशी. आई म्हणते, "मिरगाच्या आदी सुकात ता आपला, मागसून भिजात ता पावसाचा."

मी गोव्यात एका औषध कंपनीत पॅकिंगला होतो, 2016 ला सोडलं आणि हे सुरू केलं. पॅकिंग येतं म्हणजे धंदा येतो असं वाटायचं. पहिल्या वर्षी सिरप पारदर्शक काचेच्या बाटल्यांत भरलं, लाल रंग असा दिसायचा की दुकानदारांनी हौसेने पुढच्या फळीवर उन्हात मांडलं आणि दीड महिन्यात सगळं तपकिरी! निम्मा माल परत आला. मग वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात ट्रेनिंगला गेलो तेव्हा कळलं की तो लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, त्याला उजेड चालत नाही आणि उष्णताही. आमच्या आजीचं आगळ चिनीमातीच्या बरणीत, अंधाऱ्या खोलीत का असायचं ते मला तिथे वर्गात बसून समजलं, घरात तीस वर्षं राहून नाही.

मग 16 मे 2021, तौक्ते वादळ. सोलं खळ्यात नव्हती, पडवीत ताडपत्रीखाली होती, ताडपत्रीच गेली. तीन पत्रेही गेले. त्या वर्षाचा हिशोब मी अजून नीट केलेला नाही, करायचाही नाही.

पुढच्या फेब्रुवारीत एका मित्राच्या लग्नाला केरळात कोट्टायमकडे गेलो. धंद्याचा विषयच नव्हता डोक्यात, खरं तर कंटाळून गेलो होतो. तिथे एका घरी जेवायला मीन करी (माशाचं कालवण), आंबटपणा ओळखीचा आणि तरी वेगळा. विचारलं तर कुडमपुळी, म्हणजे आपल्या कोकमाचीच चुलत बहीण. तिच्या साली दाखवायला त्या घरच्या आजींनी मला स्वयंपाकघरात नेलं, चुलीवरच्या माळ्यावर काळ्याकुट्ट साली सुकत टांगलेल्या. त्यांचं फळ पिकतंच पावसाळ्यात, त्यामुळे उन्हाची वाट कोण बघणार, धुरावरच सुकवतात आणि वरून मीठ आणि खोबरेल चोळून ठेवतात. मी ऊन नाही म्हणून रडत होतो आणि हे लोक ऊन धरतच नाहीत!

घरी येऊन उत्साहात पहिल्याच लॉटला धूर दिला. आईने सोलकढी केली, एक घोट घेतला आणि म्हणाली, "ह्या काय रे, सोलां निखाऱ्यात भाजलंस?" बरोबर होतं तिचं. माशाच्या कालवणात तो धूर शोभतो, नारळाच्या दुधात नाही. चाळीस किलो माल घरीच खाल्ला, शेजाऱ्यांनाही वाटला, त्यांनीही आभार मानले नाहीत.

पण उष्णता हवी आणि धूर नको एवढं तरी नक्की झालं. मग कर्नाटकात सिरसीकडे गेलो. तिथे जंगलातलं उप्पगे सुकवतात, हे तेच कुडमपुळीचं फळ. पूर्वी उघड्या जाळावर सुकवायचे आणि लाकूड बेसुमार जायचं, म्हणून सुधारलेले ड्रायर आले. एका शेतकऱ्याकडे दिवसभर बसून बघितलं, धूर पाइपातून बाहेर जातो आणि ट्रेला नुसती गरम हवा लागते. भाषा येत नव्हती, त्याने कोळशाने जमिनीवर चित्र काढून दाखवलं, मी फोटो काढला. आमच्या वेल्डरने त्या फोटोवरून बनवला, पहिला ड्रायर वाकडाच झाला, दुसरा चालतोय. आता पहिली दोन पुटं उन्हात आणि आभाळ भरून आलं की उरलेलं आत, रंग जाऊ नये म्हणून आच मंद. जळण नारळाच्या करवंट्या आणि सोडणं (नारळाची वरची सालं).

या फिरण्यात माझं मलाच एक कळलं की मला विकता येत नाही. स्टॉलवर तासाभरात माझा चेहरा पडतो. बायको मात्र अहमदाबादला गेली आणि गुजराती डाळीत कोकम कसं पडतं ते तिथल्या बायकांशी गप्पा मारत शिकून आली, कमी मिठाची आमसुलं वेगळी करायची आयडिया तिचीच, आज आमचा मोठा गिऱ्हाईक वर्ग तोच. मी ड्रायरपाशी बरा. एका व्यापाऱ्याने सिरपच्या लेबलवर "वजन घटवा" छापायला सांगितलं होतं तेव्हाही मीच भांडलो, साखरेच्या पाकावर ते कोणत्या तोंडाने छापू?

बियांचं अजून शोधतोय. बी कुटून पाण्यात उकळली की तेल वर येतं, थंड झालं की थिजतं, ते मुठीने वळायचं म्हणून मुठेल. टाचांना लावायला याच्यासारखं काही नाही, पण कष्ट फार आणि पैसा थोडा.

2025 ला मान्सून 25 मेलाच कोकणात उतरला. संध्याकाळपर्यंत वाडीतले लोक आपापली अर्धी ओली सोलं टोपल्यांत घेऊन आमच्या पडवीत. ड्रायर तीन रात्री बंद झाला नाही. कुणाची कुठली सोलं ते कळेना, मग आईने जुन्या साड्यांच्या काठाच्या चिंध्या फाडून प्रत्येक ट्रेला वेगळी बांधली, आणि हिरवा काठ कुणाचा यावरून दोघी जावांचं पहाटे तीनला भांडण लागलं.