लाँगरीचचा ‘स्टॉकमन्स हॉल ऑफ फेम’: पाटी वीरांची, गोष्ट पाण्याची

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून लाँगरीच सुमारे १,२०० किलोमीटर. मुंबईहून निघून रायपूर मागे टाकावं एवढं अंतर, आणि एवढं जाऊनही आपण क्वीन्सलंडमध्येच असतो. टूवुंबा, रोमा, ऑगथेला, ब्लॅकॉल, बारकाल्डिन या वाटेने गाडीने दोन दिवस धरावेत. एका दिवसात उरकायच्या नादाला लागू नये, कारण शेवटचे तास संधिप्रकाशात येतात आणि कांगारू नेमके त्याच वेळी रस्त्यावर उतरतात. रोड ट्रेन, म्हणजे एकामागोमाग ट्रेलर जोडलेले ट्रक, ५३ मीटरपर्यंत लांब असतात. त्यांना ओलांडायचं तर समोर किलोमीटरभर तरी मोकळा रस्ता दिसायला हवा. टाकी अर्ध्यावर आली की पुढच्या गावात भरून घ्यावी. गाडी चालवायची नसेल तर ब्रिस्बेनहून आठवड्यातून दोनदा ‘स्पिरिट ऑफ द आउटबॅक’ ही रेल्वे आहे, एका दिवसाहून थोडा जास्त वेळ घेते. विमानही आहे, पण मग अंतर अंगाला लागत नाही. ‘स्टॉकमन्स हॉल ऑफ फेम’ या घोडेस्वार गुराख्यांच्या संग्रहालयासाठी ते लागलेलं बरं.

मे ते ऑगस्ट हा जाण्याचा काळ. डिसेंबर-जानेवारीत पारा चाळिशी ओलांडतो. आणि एकदा पाऊस लागला की इथली काळी माती आपल्या वऱ्हाडातल्या रेगुरासारखीच फुगते. डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलेली गाडी मग माती वाळेपर्यंत हलत नाही. डोक्यावरून घ्यायची माश्यांची जाळी विकत घ्या. दिसायला विनोदी आहे, पण दुसऱ्या दिवशी कुणी हसत नाही.

लाँगरीच हे नाव थॉमसन नदीच्या लांबलचक डोहावरून पडलं. मकरवृत्त गावाजवळूनच जातं. रस्त्यांना पक्ष्यांची नावं आहेत, मुख्य रस्ता ‘ईगल स्ट्रीट’. ही थॉमसन पुढे बारकू नदीला मिळते आणि दोघींची मिळून होते ‘कूपर क्रीक’. दोन नद्या मिळून एक ओढा! तो वाळवंटात शिरतो आणि फार मोठा पूर आला तरच आयर सरोवर गाठतो. इथल्या पाण्याचा स्वभाव एवढ्यावरून कळावा.

संग्रहालय हमरस्त्यालगतच आहे. पन्हाळी पत्र्याच्या अर्धगोल छपरांची ही इमारत दुरून मोठाल्या गोदामांची रांग वाटते. कल्पना ह्यू सॉरी या चित्रकाराची. त्याच्या मागे उभे राहिलेल्यांत बूटवाले आर. एम. विल्यम्स होते. युरोपीय वसाहतीला दोनशे वर्षं झाली त्या साली, २९ एप्रिल १९८८ रोजी, राणी एलिझाबेथने उद्घाटन केलं. ‘हॉल ऑफ फेम’ या नावामुळे लोक भिंतीवरचे चेहरे बघत फिरतात आणि तासाभरात बाहेर येतात. मी उलटं सुचवेन. चेहरे नंतर बघा, आधी वस्तू बघा, आणि प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारा: पाणी कुठून आणायचं, आणि एवढं अंतर कापायचं कसं?

आधी शब्द नीट लावून घेऊ, नाहीतर पाट्या वाचताना घोटाळा होतो. ‘स्टेशन’ म्हणजे गुरांचं किंवा मेंढ्यांचं प्रचंड कुरण, रेल्वेशी संबंध नाही. ‘स्टॉकमन’ हा त्या कुरणावर घोड्यावरून जनावरं सांभाळणारा नोकर. गुराखी म्हटलं तरी चालेल, पण घोडा विसरायचा नाही. ‘ड्रोव्हर’ हा ठेक्यावर जनावरं शेकडो मैल हाकत नेणारा. ‘रिंगर’ गुरांच्या कुरणावर साधा स्टॉकमन, तर लोकर कातरायच्या शेडमध्ये सगळ्यांत झपाट्याने कातरणारा.

ड्रोव्हरचा हिशोब मला या संग्रहालयाचा गाभा वाटतो. साधारण १,२५० बैलांचा कळप. सोबत मुख्य ड्रोव्हर, स्वयंपाकी, घोडी राखणारा एक आणि चार-पाच हाके, शिवाय चाळीसेक घोडी. गुरांनी दिवसाला दहा मैल चालायचं, मेंढ्यांनी सहा. हा वेग फार वाढवता येत नाही, कारण चरत चरत गेली तरच जनावरं अंगाने भरलेली पोचतात, आणि फार कमीही करता येत नाही, कारण वाटेवरचं गवत दुसऱ्याच्या मालकीचं असतं. हजार मैल म्हणजे शंभर दिवस.

उन्हाळ्यात एक बैल दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पितो. म्हणजे एका मुक्कामाला पन्नास-साठ हजार लिटर. तहानलेला सगळा कळप एकदम हौदावर सोडला तर पुढचे चेंगरतात, हौद फुटतो आणि मागच्यांना चिखल उरतो. म्हणून कळप दूर थोपवून लहान लहान टोळ्यांनी पाण्यावर आणायचा. वाऱ्यावर पाण्याचा वास आलेला असताना हे जमवायचं, हीच खरी कसोटी.

रात्री एकेक जण पाळीपाळीने कळपाभोवती घोड्यावरून फेऱ्या घालतो आणि काहीतरी गुणगुणत राहतो. गाणं हौसेचं नाही. माणूस कुठे आहे हे जनावरांना सतत कळत राहिलं की तो अंधारातून अचानक समोर आला तरी ती दचकत नाहीत. कारण दचकली की ‘रश’: फांदी मोडल्याचा आवाज, घोड्याने अंग झाडताना खडखडलेलं खोगीर, एवढ्यानं हजारभर बैल एका क्षणात उठून उधळतात. म्हणून रात्रीचा घोडा वेगळा, अंधारात पाय न चुकवणारा, आणि तो कसलेलाच ठेवायचा. बाकीच्या घोड्यांना पुढच्या पायांत पायबंद आणि गळ्यात घंटा. पहाटे त्यांना शोधायचं ते या घंटांच्या आवाजावर.

इथलं खोगीर जवळून बघा. अमेरिकी खोगिराला पुढे दोर गुंडाळायचा खुंट असतो, याला नाही. त्याऐवजी मांडीच्या वर पुढे दोन्हीकडे कडक गाद्या आलेल्या. घोडा वळणाऱ्या बैलामागे गर्रकन फिरला की स्वाराच्या मांड्या त्यांत अडकतात आणि तो टिकतो. बैठक खोल, दिवसभर बसण्यासाठी. शेजारचा चाबूक कांगारूच्या कातड्याचा विणलेला, टोकाकडे निमुळता, शेवटी बारीक दोऱ्याचा गोंडा. कडाका होतो तो या गोंड्याचा, कारण त्याचा वेग ध्वनीच्याही पुढे जातो. चाबूक जनावराला मारायचा नसतो, त्याच्या बाजूला वाजवायचा असतो. गोंडा झिजतो आणि सारखा बदलावा लागतो, म्हणून दोरा खिशात.

या भागाचा लाडका नायक मात्र चोर आहे. हॅरी रेडफर्डने १८७० मध्ये लाँगरीचजवळच्या बोवेन डाउन्स या कुरणातून हजारेक गुरं पळवली आणि कूपर, स्ट्रझेलेकी या ओढ्यांच्या काठाने वाळवंट ओलांडून दक्षिण ऑस्ट्रेलियात विकली. कुरण इतकं अफाट की हजार गुरं गेल्याचं लवकर लक्षातही आलं नाही. फसला तो कळपातल्या एका परदेशी पांढऱ्या बैलामुळे. तो ओळखीचा होता आणि वाटेत विकला गेला. १८७३ मध्ये रोमाच्या न्यायालयात बैल पुरावा म्हणून हजर असतानाही पंचांनी रेडफर्डला निर्दोष सोडलं. सरकार इतकं चिडलं की तिथलं फौजदारी कामकाज दोन वर्षांसाठी बंद केलं. त्या वाटेने गुरं नेता येतात हे मात्र चोरीनेच सिद्ध झालं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातला गुरं हाकायचा कॅनिंग मार्गही याच हिशोबावर बांधलेला: सुमारे १,८५० किलोमीटर, ५१ विहिरी, ढोबळमानाने एकेका दिवसाच्या चालीवर, १९०८ ते १९१० मध्ये खोदलेल्या. पाणी दाखवावं म्हणून सर्वेक्षणाच्या वेळी आदिवासींना साखळदंडांनी बांधण्यात आलं आणि त्यावर १९०८ मध्ये चौकशी आयोग बसला. पायवाटा आणि पाणवठे ज्यांच्या तोंडपाठ होते त्यांच्या ज्ञानावर हा सारा धंदा उभा राहिला. लाँगरीचची ही भूमी इनिंगाई लोकांची. उत्तरेकडच्या कुरणांवर बरीचशी घोडदौड आदिवासी स्टॉकमननी केली, मोबदला बहुतेकदा शिधा, कपडे आणि तंबाखू. १९६६ मध्ये समान वेतनाचा निर्णय झाला, पण अंमल डिसेंबर १९६८ पासून. त्याच १९६६ च्या ऑगस्टमध्ये व्हिन्सेंट लिंगियारींच्या मागे वेव्ह हिलचे गुरिंजी कामगार कुरण सोडून चालते झाले. भिंतीवरचे वीर बघताना ही तारीख डोक्यात असावी.

गोऱ्यांच्या शिध्याचंही ठरलेलं माप होतं: आठवड्याला १० पौंड पीठ, १० पौंड मांस, २ पौंड साखर, पाव पौंड चहा. त्या पिठाचा ‘डँपर’ म्हणजे त्यांचा रोडगाच. पीठ, मीठ, पाणी कालवायचं, फार मळायचं नाही, बिडाच्या भांड्यात ठेवून खाली-वर निखारे. ज्वाळेवर ठेवला की बाहेरून कोळसा आणि आत कच्चा. टिचकी मारून पोकळ आवाज आला की झाला.

कूलगार्डी सेफपाशी मराठी माणूस हमखास थांबेल. आपलं जुनं जाळीचं कपाटच ते, मुंग्या येऊ नयेत म्हणून पाय पाण्याच्या डब्यांत ठेवलेलं. फरक एवढाच की वर पाण्याचा पत्र्याचा ट्रे, त्यातून चारी बाजूंना गोणपाट सोडलेलं. फडक्याच्या पट्ट्यांतून पाणी झिरपून गोणपाट भिजतं, वारा लागून आटतं, आतलं लोणी टिकतं. माठाचंच तत्त्व. गोणपाट एकदा कोरडं पडलं की काम थांबतं, आणि दमट हवेत तर हे कपाट नुसतं कपाट उरतं. मुंबईत उपयोग शून्य.

लोकरीच्या भागात धनगरी कातर आठवेल. दोन पात्यांची, स्प्रिंगसारख्या कमानीची, जवळपास तशीच. दख्खनी मेंढीला वर्षाला किलोभरही लोकर सुटत नाही, मेरिनोला चार-पाच किलो सहज. याच कातरीने जॅक हाऊने १० ऑक्टोबर १८९२ रोजी ब्लॅकॉलजवळच्या अ‍ॅलिस डाउन्सवर ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. मेंढीमागे ८६ सेकंद. यंत्राने हा आकडा मागे टाकायला १९५० उजाडलं. यंत्राच्या मुठीत खाली स्थिर कंगवा आणि वर डावी-उजवीकडे धावणारं पातं. दाब जास्त दिला तर ते तापून मेंढी भाजते, कमी दिला तर लोकर कापली न जाता चावली जाते. एकाच जागी दोनदा पातं फिरवलं तर लोकरीचे आखूड तुकडे पडतात आणि भाव उतरतो. म्हणून चांगला कातरणारा घाईने नाही, लांब हाताने कातरतो. कंगवा अडीच इंचांहून रुंद चालेल का, यावरून १९८३ मध्ये देशभर संप झाला होता.

पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी जमिनीखाली सापडलं. ग्रेट आर्टेजियन बेसिन देशाच्या पाचव्या भागाहून जास्त जमिनीखाली पसरलं आहे. भोक पाडलं की पाणी आपल्याच दाबाने वर येतं, बरेचदा चटका बसेल इतकं गरम आणि गंधकाच्या वासाचं. लाँगरीचच्या वाटेवरच्या गावांत नळाला हा वास आला तर घाबरू नका, रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी सकाळी ठीक लागतं. शतकभर ही भोकं मोकळी वाहू दिली. पाटांतून वाहणारं बहुतेक पाणी आटून आणि मुरून जायचं आणि खालचा दाब उतरत गेला. आता ती तोंडं बंद करून पाणी नळातून नेण्याचं काम चालू आहे.

एक खरा भारतीय धागाही आहे. १८६६ मध्ये कराचीहून उंट आणि उंटवाले आणले गेले. त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची होते, सिंधी-पंजाबीही होते. उलट दिशेने ऑस्ट्रेलियन घोडे जहाजांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला यायचे. आपल्या जुन्या मराठी लिखाणातला ‘वेलर’ घोडा तो हाच, न्यू साउथ वेल्सवरून नाव पडलेला.

फ्लाइंग डॉक्टर, म्हणजे दूरच्या कुरणांवर विमानाने डॉक्टर पोचवणारी सेवा. तिच्या भागात आल्फ्रेड ट्रेगरने बनवलेला पायडलचा रेडिओ चुकवू नका. सायकलसारखे पायडल मारले की सुमारे २० वॅट वीज तयार होते. हात संदेश पाठवायला मोकळे राहतात, हीच यातली हुशारी. सुरुवातीला त्यावर बोलता येत नसे, मोर्स संकेत बडवावे लागत. फ्लाइंग डॉक्टर सेवा १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरीत सुरू झाली, विमान क्वांटास या विमान कंपनीकडून भाड्याने घेतलेलं. त्याच क्वांटासचं संग्रहालय इथून हाकेच्या अंतरावर आहे, बोइंग ७४७ विमानासह. दोन्ही एका दिवसात करू नका. सकाळी स्टॉकमन, ऊन चढण्याआधी बाहेरचा घोड्यांचा आणि कुत्र्यांचा खेळ (तो हंगामातच असतो, वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या), आणि विमानं दुसऱ्या सकाळी.