जॉयस्टिक हाताला बसेपर्यंत

एलिट डेंजरस हा अवकाशजहाज उडवायचा कॉम्प्युटर गेम कीबोर्डवरही खेळता येतो, पण अवकाशात जहाज सहा प्रकारे हलतं. नाक वर-खाली, अंगावर गिरकी, डावं-उजवं वळण आणि न वळता पुढं-मागं, बाजूला, वर-खाली सरकणं. एवढं सगळं बटणांवर आणलं की जहाज धक्क्याधक्क्यानं चालतं. म्हणून ओळखीतून एक जुनी, पिळता येणारी जॉयस्टिक घेतली.

लावली तर हात न लावताही जहाज डावीकडं कलायचं. विंडोजच्या गेम कंट्रोलर सेटिंगमध्ये चौकोनात अधिकचं चिन्ह दिसतं, स्टिक सोडल्यावर ते मधोमध गप राहिलं पाहिजे. माझं थरथरत होतं. जुन्या आणि स्वस्त स्टिकमध्ये बहुधा पोटेन्शिओमीटर असतात. आत कार्बनच्या पट्टीवर एक पत्ती घासत फिरते, तिथं धूळ बसली किंवा पट्टी झिजली की आकडे उड्या मारतात. हॉल सेन्सरवाल्या स्टिकमध्ये चुंबकावर काम चालतं, घासायला काही नसतं. नवी घेणाऱ्यानं आधी तेच बघावं. मी तळाचे स्क्रू काढून पोटेन्शिओमीटरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, स्टिक चारी बाजूंना भरपूर फिरवली, नीट वाळू दिली आणि मग कॅलिब्रेशन केलं. थरथर बरीच गेली. उरलेल्यासाठी गेममधला डेडझोन आहे, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळच्या जेवढ्या हालचालीकडं गेम दुर्लक्ष करतो तो पट्टा. तो शून्यापासून हळूहळू वाढवायचा आणि हात सोडल्यावर जहाज स्थिर राहिलं की तिथंच थांबायचं. जास्त ठेवला तर बारीक हालचाल नोंदलीच जात नाही आणि नेम धरताना फार त्रास होतो.

टेबलावर ठेवून खेळलं की खांदा भरून यायचा. स्टिक मांडीच्या उंचीला हवी, कोपर साधारण काटकोनात, खांदा सैल. तसा तयार ब्रॅकेट बाहेरून मागवायचा तर स्टिकपेक्षा महाग. कोल्हापुरात असताना मागवायचा कशाला? शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये स्टिकच घेऊन गेलो.

“मामा, टेबलाच्या कडेला अडकवायचा ब्रॅकेट पाहिजे, ह्याच्या मापाचा.”

“वजन किती घेणार त्यो?”

“वजन काही नाही, पण बाजूनं हिसका बसतोय.”

“मग जाड पट्टी घालू आणि खालनं दोन बोल्ट. एका बोल्टवर फिरतंय ते.”

दोन बोल्टचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर निघालं. स्टिक तसूभर हलत नाही. कुठल्याही सेटिंगपेक्षा ह्या लोखंडी तुकड्यानं माझा हात जास्त सुधारला, हे मी कुणालाही सांगतो.

बटणं वाटताना गिरकी आडव्या हालचालीवर आणि वळण पिळावर ठेवलं. जहाज बाजूला आणि वर-खाली सरकवणारे थ्रस्टर अंगठ्याखालच्या हॅटवर, म्हणजे चारी दिशांना ढकलता येणाऱ्या छोट्या बटणावर घेतले. थ्रॉटल, म्हणजे वेगाचा लिव्हर, फक्त पुढच्या दिशेचा केला, मागं जायला वेगळं बटण. त्यामुळं लिव्हरचा पूर्ण पल्ला वापरता येतो आणि वेगपट्टीतला निळा भाग हाताला सापडतो. जहाज सगळ्यात चपळ वळतं ते त्या निळ्या भागात, पूर्ण वेगात नाही. लँडिंग ओव्हरराइड्स मात्र बरेच जण उघडूनही बघत नाहीत. जहाजाचे उतरायचे पाय (लँडिंग गिअर) खाली असताना लागू होणारी वेगळी वाटणी तिथं करता येते. मी तेवढ्यापुरते थ्रस्टर थेट स्टिकवर आणले, आणि पॅडवर उतरणं एकदम सोपं झालं.

मग जहाज. लांब फिरायचं होतं, म्हणून डायमंडबॅक एक्सप्लोरर घेतलं. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर मारायच्या उडीचा पल्ला फ्रेम शिफ्ट ड्राइव्हवर, म्हणजे ती उडी मारणाऱ्या इंजिनावर, आणि जहाजाच्या एकूण वजनावर ठरतो, त्यात इंधन आणि मालही आला. त्यामुळं ड्राइव्ह ए, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा घ्यायचा. लाइफ सपोर्ट आणि सेन्सर मात्र डी दर्जाचे, कारण त्या-त्या आकारात डी सगळ्यात हलका असतो. शस्त्रं मी सगळी काढली. पॉवर प्लांट गरजेपुरता लहान पण ए दर्जाचा बसवला, तो कमी तापतो, आणि ताऱ्याजवळ इंधन भरताना उष्णतेचाच प्रश्न असतो. ताऱ्याजवळून इंधन ओढून घेणारा फ्युएल स्कूप झेपेल तेवढा मोठा घ्या. इंधन मिळतं ते ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम वर्गाच्या ताऱ्यांवर, निघण्याआधी नकाशात तशी गाळणी लावून ठेवा. सगळी जुळणी आधी कोरिओलिस किंवा ईडीएसवाय ह्या जहाज जुळवून बघायच्या वेबसाइटवर करून बघितली तर पैसे वाया जात नाहीत. आणि जहाज फुटलं तर परत घ्यायला किमतीच्या ५ टक्के लागतात, तेवढे शिल्लक असल्याशिवाय स्टेशन सोडू नका.

सुरुवातीला जहाज आपोआप स्टेशनात उतरवणारा डॉकिंग कॉम्प्युटर ठेवला होता. स्टेशनच्या फिरत्या फटीतून हिरवे दिवे उजवीकडं ठेवून स्वतः आत शिरायला जमू लागल्यावर तो काढला. रिकाम्या झालेल्या जागेत ग्रहांचा नकाशा काढणारा सरफेस स्कॅनर बसवला आणि निघालो.